कावीळ

गॅप सर्टिफिकेटला कारण लागतं.
रिकामा रकाना विद्यापीठ घेत नाही.
मी लिहिलं : कावीळ. दोन वर्षं.
अक्षर माझंच, उजवीकडे जरा कललेलं,
बावीस वर्षं या टेबलावर बसून कमावलेलं.

व्यंकटेश नरसय्या येमूल,
राहणार विडी घरकुल.
उंची सहा फूट चार इंच.
उंचीला अर्जात जागा नव्हती,
प्रवेश मात्र उंचीलाच दिला होता.

गवसला अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात.
जिमखान्याचे सर चादरी घ्यायला गेले,
तर हा वरच्या फळीवरचं सुताचं खोकं
स्टूल न घेता उतरवत होता.
सर चादरी तिथंच विसरून आले.

सचिवांनी बूट दिले, बारा नंबरचे, पुण्याहून मागवून.
महिन्याला चार हजार, कोऱ्या पाकिटात.
"पेपरला नुसता बस," म्हणाले,
"पुढं बँकेत चिकटवतो."
बँक त्यांच्या मेव्हण्याची.

नियम सात : खेळाडू पूर्णवेळ नोकरीत नसावा.
नव्हताच. रात्रपाळीला कोण पूर्णवेळ म्हणतं?
नियम आठ : हजेरी पंचाहत्तर टक्के.
ती मी एका बैठकीत भरली,
मधूनमधून एखादा 'गैरहजर' टाकत,
खरं वाटावं म्हणून.

खेळताना त्याला एकदाच पाहिलं, झोनच्या फायनलला.
पाळी करून आलेला, डोळे तांबारलेले.
मागावर धोटा जातो
तसा या कडेहून त्या कडेला जात होता,
मधल्या पोरांना फक्त त्याचा वारा लागत होता.
खोट्या हजेरीचा पोरगा
खरा धावत होता.
मी टाळ्या वाजवल्या. मोठ्यानं.

हरलेल्यांनी तक्रार केली.
त्यांचा सेंटर तिसऱ्या कॉलेजात
तिसऱ्यांदा बी.ए. भाग एकला,
त्याचा थोरला मुलगा कठड्यावर बसून
"पप्पा, पप्पा" ओरडत होता.
पण तक्रार आधी त्यांची पोचली.

समिती आली. फाईल मागितली, मी दिली.
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही.
मग निकाल :
विद्यार्थ्याने महाविद्यालयाची दिशाभूल केली.
तीन वर्षं बंदी. चषक परत.
सरांना समज.
सचिवांना काही नाही,
ते समितीच्याच पंगतीत होते.
बूटही परत घेतले.
त्याची पोच मी लिहिली,
'वापरलेले' असा शेरा मारून.

गेल्या सोमवारी त्याची आई आली.
बोटांना तंबाखूचा वास,
पदराला विडीच्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले.
वाटलं, टीसी मागेल, भांडेल.
उत्तर मी तोंडात धरून बसलो होतो.

ती खुर्चीत बसली नाही.
तेलुगूच्या वळणानं मराठी बोलत म्हणाली,
"साहेब, तुमच्या कागदात हाय म्हणे
त्याला कावीळ झालती. दोन वर्षं.
मला कसं कळलं नाही?
हजार विड्या झाल्याशिवाय मान वर होत नाही माझी.
तो रात्री जायचा, दिवसा झोपायचा,
डोळे त्याचे मी बघितलेच नाहीत कधी.
आता बरा हाय का तो,
कागदात?"

मी कपाट उघडलं. फाईल काढली.
पानं उलटली, जितकी उलटता येतात तितकी.
"बरा आहे," म्हणालो. "पूर्ण बरा."

तिनं हात जोडले.
टेबलावर एक डबा ठेवून गेली,
शेंगापोळीचा असावा.
अजून उघडला नाही.

नवे अर्ज आलेत आज.
कारणाचा रकाना यंदा
दोन ओळींचा केलाय विद्यापीठानं.